खिडकीतलं नेट वर्गात आणताना

गेल्या आठवड्यात शेजारच्या केंद्रातल्या शाळेच्या एका मॅडमचा रात्री साडेनऊला फोन आला. "मॅडम, फोनचं नेट यूएसबीने लॅपटॉपला दिलंय. लॅपटॉपवर सगळं उघडतंय, हॉटस्पॉटही चालू केलाय. टॅबवर कनेक्टेड येतं आणि खाली 'नो इंटरनेट'. सकाळपासून तेच. पोरं तासभर वाट बघत बसली, शेवटी टॅब परत कपाटात ठेवून दिले."

ते शेवटचं वाक्य माझ्या जिव्हारी लागलं. कपाटात गेलेले टॅब तिथून पुन्हा सहज बाहेर येत नाहीत, हे मी पाहिलंय. फोन कानाला लावूनच मी माझी २०१९ ची वही शोधली. त्या वर्षीच्या पावसाळ्यात आमच्या शाळेत मी नेमकं हेच करत होते आणि रोज जे सापडेल ते लिहून ठेवत होते. मॅडमशी पाऊण तास बोलले, पण फोनवर सगळं सांगून होत नाही. म्हणून इथे लिहितेय.

तेव्हा मी भोर तालुक्यात, हिर्डस मावळात होते. नीरा देवघर धरणाच्या वरच्या अंगाला, वरंधा घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यापासून आत. पहिली ते चौथी, पट १९, शिक्षक दोन. जाडजूड दगडी भिंती, वर पत्रा. जुलैमध्ये पाऊस लागला की पत्र्यावरच्या आवाजाने पाढेसुद्धा ओरडून म्हणावे लागत. रेंज यायची ती फक्त ऑफिसच्या खोलीतल्या उत्तरेकडच्या खिडकीत. वर्गात फोन म्हणजे नुसतं घड्याळ.

एका संस्थेने काही वर्षांपूर्वी दिलेले चार टॅब होते. बालभारतीच्या पुस्तकांतले क्यूआर कोड तोवर मुलांच्या ओळखीचे झाले होते. कोड स्कॅन केला की सरकारच्या दीक्षा अ‍ॅपवर धड्याचा व्हिडिओ उघडतो, हे त्यांना माझ्या फोनवर एकदा खिडकीपाशी दाखवलं होतं. एकोणीस डोकी एका फोनवर. मागच्यांना काही दिसलं नाही. त्याच दिवशी ठरवलं की चारही टॅब चालू करायचे.

माझ्या फोनचा हॉटस्पॉट लावून पाहिला होता. फोन खिडकीत ठेवला तर दोन भिंतींपलीकडे वर्गात पोचेपर्यंत सिग्नल मरायचा आणि वर्गात आणला तर त्यालाच रेंज नसायची. शाळेकडे एक जुना लॅपटॉप होता, विंडोज १० चढवलेला, आणि सरांच्या घरचं एक थ्रीजी डोंगल. त्या डोंगलमधलं सिमकार्ड खिडकीत बऱ्यापैकी चालायचं. डोंगल लॅपटॉपला लावायचं, नेट आधी लॅपटॉपवर घ्यायचं आणि लॅपटॉपच्या वायफायने टॅबना वाटायचं, असा बेत.

लॅपटॉपवर नेट लगेच आलं. मग सेटिंगमध्ये मोबाइल हॉटस्पॉटचं बटण दाबलं, तर तो म्हणतो की या संगणकाला इथरनेट, वायफाय किंवा सेल्युलर कनेक्शनच नाही, म्हणून हॉटस्पॉट लावता येत नाही. आणि शेजारच्याच खिडकीत ब्राउझरवर बातम्या उघडलेल्या! सर आणि मी एकमेकांकडे बघत राहिलो. याचं कारण दोन दिवसांनी कळलं. हे जुन्या धाटणीचं डोंगल स्वतःच्या सॉफ्टवेअरमधून *९९# हा नंबर डायल करून जोडलं जातं, जुन्या टेलिफोन मोडेमसारखं. विंडोजच्या लेखी ते डायल-अप. हॉटस्पॉटचं बटण ज्या तीन जातींची कनेक्शनं मोजतं, त्यांत ते बसत नाही. काही डोंगलांच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडणीचा प्रकार बदलायची सोय असते, आरएएस ऐवजी एनडीआयएस निवडलं की तेच डोंगल नेटवर्क कार्डासारखं दिसायला लागतं. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये तो पर्याय करडा पडलेला होता, दाबताच येत नव्हता.

तेव्हा विंडोज ७ च्या काळातली जुनी वाट धरली: कमांड देऊन लॅपटॉपचंच वायफाय नेटवर्क उभं करायचं, त्याला 'होस्टेड नेटवर्क' म्हणतात. आधी कमांड प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या काळ्या खिडकीत, 'नेटश डब्ल्यूलॅन शो ड्रायव्हर्स' (netsh wlan show drivers) असं विचारायचं. उत्तरात 'होस्टेड नेटवर्क सपोर्टेड' अशी एक ओळ असते, तिच्यापुढे 'येस' असेल तरच पुढे जायचं. आमचा लॅपटॉप जुना, म्हणूनच 'येस' आलं. नव्या लॅपटॉपांच्या वायफाय ड्रायव्हरांमध्ये तिथे बहुतेकदा 'नो' येतं, तिथे या वाटेवर वेळ घालवू नका. मग नेटवर्कला नाव आणि किमान आठ अक्षरांचा पासवर्ड देणारी एक कमांड, आणि ते सुरू करणारी दुसरी. दोन्ही कमांड प्रॉम्प्ट 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' करून उघडल्यावरच चालतात. टॅबवर 'शाळा' नावाचं नेटवर्क दिसलं तेव्हा चौथीच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या.

आणि मग टॅब 'ऑब्टेनिंग आयपी अ‍ॅड्रेस' वर अडकला. अर्धा मिनिट तेच, मग तुटायचा, पुन्हा जोडायला जायचा, पुन्हा तिथेच.

इथे आमचे चार दिवस गेले. पासवर्ड बदलला, टॅब रिसेट केला, डोंगल काढून घातलं, सगळं तीन-तीनदा. पाचव्या दिवशी गावच्या नळाला पाणी आलं नाही आणि दुपारच्या सुट्टीत मी ओट्यावरून बघत होते. पाणी सोडणारे काका टाकीपासून निघाले. टाकीत पाणी आहे का पाहिलं, मग पहिला व्हॉल्व्ह, मग वळणावरचा जोड, मग आमच्या वाडीचा फाटा. जिथपर्यंत पाणी आहे तिथपर्यंत त्यांनी काही उघडलं नाही, हात लावला नाही. फाट्यापाशी कोरडं लागलं, तिथे खणलं. आम्ही मात्र चार दिवस सगळीकडे एकदम खणत होतो.

शाळा सुटल्यावर तसंच केलं. डोंगलपासून सुरुवात. कमांड प्रॉम्प्टमध्ये ८.८.८.८ या गूगलच्या पत्त्याला पिंग केलं, म्हणजे नुसती हाक मारून पाहिली, उत्तर आलं. म्हणजे टाकीत पाणी आहे, डोंगल आणि सिमकार्डाला आता हात लावायचा नाही. लॅपटॉपचं वायफाय टॅबला दिसतंय आणि पासवर्ड मान्य होतोय, म्हणजे तो जोडही ठीक. अडतंय ते पत्ता मिळण्यापाशी.

हा पत्ता म्हणजे काय ते मी सरांना असं सांगितलं: नवीन मूल वर्गाच्या दारात आलंय, त्याला आत घेतलं, पण हजेरी क्रमांकच दिला नाही. त्याचं नाव कोणी पुकारणार नाही, ते तसंच उभं राहणार. टॅबला क्रमांक देण्याचं काम लॅपटॉपमध्ये 'इंटरनेट कनेक्शन शेअरिंग' करतं. ते नीट लागलं असेल, तर लॅपटॉपच्या त्या वायफायचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१३७.१ असतो आणि टॅबना त्याच माळेतले पुढचे पत्ते मिळतात. मी पत्ते दाखवणारी 'आयपीकॉन्फिग' (ipconfig) ही कमांड लिहून पाहिली, तर आमच्या वायफायपुढे १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता होता. हा पत्ता म्हणजे 'मला कोणी क्रमांक दिला नाही, म्हणून मीच एक लावून घेतलाय' अशी कबुली. गुरुजींनाच क्रमांक नाही, तर ते पोरांना कुठून देणार!

मग नेटवर्क कनेक्शन्सचं पान उघडलं. त्यावर चार चित्रं होती: डोंगलचं डायल-अप, 'इथरनेट', 'वायफाय' आणि शेवटी 'लोकल एरिया कनेक्शन', त्यापुढे ताऱ्याची खूण (*) आणि १२ चा आकडा. हे ताऱ्यावालं म्हणजेच आमचं 'शाळा' नेटवर्क. डोंगलच्या चित्रावर उजवं क्लिक, प्रॉपर्टीज, शेअरिंगची पट्टी. पहिली खूण केलेली होती. पण खाली 'होम नेटवर्किंग कनेक्शन' च्या यादीत निवडलेलं होतं 'इथरनेट'. लॅपटॉप नेट वाटत होता, अगदी इमानाने वाटत होता, पण ज्या भोकात कुठलीच वायर नव्हती त्या भोकात. यादीतून ताऱ्यावालं १२ निवडलं, ओके केलं. डोंगलचं नाव-पासवर्ड सगळ्या वापरकर्त्यांसाठी साठवलेलं नाही, असा इशारा मध्येच आला. त्याचा अर्थ इतकाच की लॉग इन असतानाच आपोआप डायल होईल. त्याला हो म्हटलं. पुन्हा आयपीकॉन्फिग: १९२.१६८.१३७.१.

एक टॅब लगेच लागला. दुसरे दोन अजून पत्त्यावरच अडकत होते. ते लॅपटॉपवरच्या मुदत संपलेल्या अँटिव्हायरसचं काम निघालं, त्याची फायरवॉल, म्हणजे नेटवरची ये-जा अडवणारी राखण, पत्ते वाटण्याच्या आड येत होती. दोन मिनिटं बंद करून पाहिली, टॅब लागले, मग त्या नेटवर्कला 'घरचं' म्हणून नोंदवून पुन्हा चालू केली. कायमची बंद करून ठेवू नका, शाळेच्या लॅपटॉपवर मुलांची सगळी माहिती असते.

चौथ्या टॅबची गोष्ट मला सगळ्यांत जवळची आहे.

तो जोडला गेला. पत्ता मिळाला, १९२.१६८.१३७ च्याच माळेतला. बाकीच्या तिघांवर व्हिडिओ चालू, याच्यावर दीक्षा उघडेना, ब्राउझरमध्ये काही उघडायला गेलं की सुरक्षिततेचा लाल इशारा. मी सगळे जोड पुन्हा चालत गेले, कुठेही कोरडं लागेना. हार्डवेअरच गेलं असेल असं सर म्हणाले आणि मलाही तसंच वाटायला लागलं होतं. चौथीतली एक पोरगी माझ्या कोपरापाशी उभी होती. रोज फळ्यावर तारीख-वार लिहायचं काम तिच्याकडे. ती म्हणाली, "बाई, ह्यात साल चुकलंय."

टॅबच्या वरच्या पट्टीवर वेळ होती पहाटेची. पट्टी खाली ओढली तर १ जानेवारी आणि साल दोन वर्षांपूर्वीचं. बॅटरी पूर्ण मरून कपाटात पडलेला टॅब, उठला तेव्हा त्याला आज कुठला दिवस ते माहीत नव्हतं. आता यात नेट का अडतं? आजकाल जवळपास प्रत्येक साइट आपली ओळख पटवायला एक प्रमाणपत्र दाखवते आणि त्यावर 'या तारखेपासून या तारखेपर्यंत वैध' असं लिहिलेलं असतं. टॅबच्या हिशोबाने ती तारीख अजून उजाडलेलीच नव्हती. म्हणून तो प्रत्येक प्रमाणपत्र खोटं समजून दार लावून घेत होता. तारीख हाताने दुरुस्त केली, अ‍ॅप बंद करून उघडलं, व्हिडिओ सुरू. त्या दिवशी तिच्याकडेच टॅब दिला. तिने तो मांडीवर आडवा धरून शेवटपर्यंत कोणाच्या हातात दिला नाही, आणि मीही मागितला नाही.

यानंतरचं थोडक्यात सांगते, पण टाळू नका, कारण लागलेलं नेट टिकवणं हे लावण्याइतकंच कष्टाचं आहे.

दर दहा-पंधरा मिनिटांनी डोंगल तुटायचं. यूएसबी निघाल्याचा तो 'टुंग' आवाज यायचा आणि चारही टॅब एकदम थांबायचे. आम्ही डोंगल खिडकीच्या गजाला बांधलं होतं आणि लॅपटॉप वर्गाच्या दाराशी ठेवायला तीन-तीन मीटरच्या दोन एक्स्टेन्शन केबल जोडल्या होत्या. यूएसबी २.० ची केबल पाच मीटरपर्यंतच धरलेली आहे. त्यापलीकडे, त्यातही मध्ये जोड असेल तर, वीज आणि सिग्नल दोन्ही कमी पडतात. डोंगलने जोर लावला, म्हणजे व्हिडिओ ओढायला लागलं, की त्याला पुरेशी वीज मिळायची नाही आणि ते बंद पडून पुन्हा उठायचं. एक केबल काढली, लॅपटॉपचं टेबलच खिडकीकडे सरकवलं आणि ऑफिस ते वर्ग हे दार उघडं ठेवलं. लॅपटॉपचं वायफाय तेवढं अंतर आरामात जात होतं. सोबत पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड, म्हणजे वीज वाचवायला यूएसबी झोपवणारी सोय, बंद केली आणि झाकण मिटलं तरी लॅपटॉप झोपणार नाही असं करून ठेवलं.

लॅपटॉप बंद करून चालू केला की होस्टेड नेटवर्क आपोआप सुरू होत नाही. सुरू करणारी कमांड नोटपॅडमध्ये लिहून बॅच फाइल (चालवली की आतली कमांड आपोआप देणारी फाइल) केली, डेस्कटॉपवर 'शाळा' नावाने ठेवली. सर रोज सकाळी तिच्यावर उजवं क्लिक करून अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवायचे. कधीकधी नेटवर्क उठायचं पण शेअरिंग झोपलेलंच असायचं. तेव्हा शेअरिंगची खूण काढून ओके, परत खूण करून ओके, एवढं केलं की पत्ता जागेवर यायचा.

आणि डेटा. दिवसाचा दीड जीबी होता. पहिल्या दिवशी अकरा वाजून वीस मिनिटांनी संपल्याचा मेसेज आला आणि वेग ६४ केबीपीएसवर उतरला, त्यात एक चित्रसुद्धा धड उघडत नाही. मुलांनी तोवर फक्त दोन व्हिडिओ पाहिले होते. टॅबला वाटत होतं आपण वायफायवर आहोत, वायफाय म्हणजे फुकट, म्हणून चारही टॅब वर्षभराची साठलेली अ‍ॅप अपडेट ओढत होते. लॅपटॉप स्वतःची विंडोज अपडेट ओढत होता. प्ले स्टोअरमध्ये ऑटो-अपडेट बंद केलं, लॅपटॉपचं अपडेट तात्पुरतं थांबवलं, आणि पुढच्या आठवड्याचे धडे दीक्षावर आधीच उतरवून ठेवायची सवय लावली. एकदा उतरवलेला धडा नेट नसतानाही चालतो, त्यामुळे पाऊस फार असेल तेव्हाही तास बुडायचा नाही. दिवसाच्या डेटावर लक्ष ठेवायला भिंतीवर एक कागद लावला होता, त्यावर तिसरीतली दोन मुलं रोज आकडा लिहायची. दशांश चिन्हाशी त्यांची ओळख आधी या कागदावर झाली.

आता फोनवाल्या मॅडमकडे वळते. त्यांचा लॅपटॉप नवीन, त्यामुळे कमांडची भानगड नाही. फोनचं यूएसबी टेदरिंग विंडोजला इथरनेटसारखं दिसतं, म्हणून हॉटस्पॉटचं बटण ते मान्य करतं. एकाच वेळी आठ उपकरणं जोडता येतात, त्यांना तेवढी पुरे होती. मी त्यांना टाकीपासून चालायला सांगितलं. लॅपटॉपवर नेट आहे. टॅबला पत्ता? वायफायच्या तपशिलात १९२.१६८.१३७ दिसतोय, म्हणजे क्रमांक मिळालाय. मग हॉटस्पॉटच्या पानावर सगळ्यांत वरची ओळ वाचायला सांगितली, कुठलं कनेक्शन वाटायचं ती. तिथे होतं 'वायफाय'. शाळेत ब्रॉडबँडचा एक राउटर आहे, त्याची जोडणी कधीचीच तुटलेली, पण दिवा चालू. लॅपटॉप रोज सकाळी ओळखीचा म्हणून त्यालाच जोडला जायचा आणि हॉटस्पॉट त्या कोरड्या विहिरीतलं पाणी वाटत होता. इथरनेट निवडलं, राउटरच्या नेटवर्कवरचं 'आपोआप जोडा' काढलं.

आणखी दोन गोष्टी तिथेच करून घेतल्या. जुन्या टॅबना वायफायचा फक्त २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा कळतो, म्हणून नेटवर्क बँड तोच ठेवला, नाहीतर काही टॅबना नेटवर्क दिसतच नाही. आणि कोणी जोडलेलं नसेल तर हॉटस्पॉट आपोआप बंद होण्याची जी वीज वाचवायची खूण असते, ती काढली. मधल्या सुट्टीत टॅब बंद असतात आणि सुट्टी संपल्यावर हॉटस्पॉटच नाहीसा झालेला असतो, तो या खुणेमुळे. इथरनेटला 'मीटर्ड' करून ठेवा, हेही सांगितलं, म्हणजे लॅपटॉप मोठी अपडेट स्वतःहून ओढत नाही.

दुसऱ्या दिवशी साडेअकराला त्यांचा पुन्हा फोन. मागे मुलांचा गलका, कुठल्यातरी कवितेची चाल ऐकू येत होती. "मॅडम, पाच लागले! सहावा तेवढा राहिलाय. कनेक्ट होतोय, पत्ताही बरोबर आहे, पण काही उघडायला गेलं की लाल पान येतं. हा बहुतेक बिघडलाय, कपाटात ठेवते."

"ठेवू नका," मी म्हटलं. "त्याच्यावर आज कुठली तारीख दिसतेय?"